कडेवरच्या दोघी

माझी लेक जन्मली आणि पहिल्यांदा रडली, तेव्हा माझी सासू खाटेखाली वाकून मांजराचं पिल्लू शोधायला लागली. चेष्टा नाही करत. पत्र्याच्या खोलीत सुईण, सासू आणि मी अशा तिघी, बाहेर बेटाच्या मधल्या उंचावरच्या आमच्या कार्तिए मिलितेर गावचा तो कायमचा पाऊस, आणि आवाज अगदी पिल्लाचा, बारीक, ओढल्यासारखा. सासू म्हणाली, "मेलं कुठून शिरलं?" सुईणीने बाळ पुसलं, माझ्या छातीवर ठेवलं, आणि ते बाळ पुन्हा तसंच ओरडलं. सासू हळूहळू उभी राहिली. त्या वेळी तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसंच ती पुढे कायम बघत राहिली.

हे शहात्तर सालचं. आदल्या वर्षीच्या वादळात उडालेले पत्रे नुकते कुठे परत ठोकून झाले होते, आणि आता हे. सासूला कारण पाहिजे होतं आणि ते तिला लगेच सापडलं. मी पोटुशी असताना मासळी चोरणाऱ्या एका मांजरीवर पाणी फेकलं होतं. भांडी विसळलेलं पाणी हो, थंडगार. पण सासूच्या तोंडी ते आधी गरम झालं, मग उकळतं झालं, आणि बारशापर्यंत मांजर मेलीसुद्धा. ती मांजर आमच्या परसात धडधाकट फिरत होती, तरी मेली. मग दोष जावा म्हणून सासूने माझ्या नवऱ्याला आसपासची सगळी मांजरं गोणीत भरून लांबच्या उसात सोडून यायला लावलं. पुढच्या वर्षी उंदरांनी तांदळाचं पोतं फाडलं तेव्हा मी गप्प बसले. बोलायची फार इच्छा होती, पण गप्प बसले.

लेक कशी होती ते सांगते. तोंड गोल, डोळे एकमेकांपासून लांब, डोकं लहानसं, आणि अंग इतकं ढिलं की उचललं तर हातातून सांडेल असं वाटायचं. दूध ओढता येत नव्हतं. चमच्याने पाजायचं, त्यातलं निम्मं नाकातून परत. एक वाटी दूध पोटात जाईपर्यंत माझी सकाळ संपायची. लग्नाआधीपासून मी चहाच्या मळ्यात पानं खुडायला जायचे. पाठीवर टोपली, डोक्यावर प्लास्टिकचा तुकडा, आणि शेजारच्या ओळीत बायका, सगळ्या गावाची उणीदुणी काढत चाललेल्या. ते सगळं सुटलं. पाठीवर टोपली आणि कडेवर असं मूल, दोन्ही जमत नाही, आणि मूल सांभाळायला घरी कुणी नव्हतं.

म्हणजे माणसं होती. सासू होती, धाकटी जाऊ होती, संध्याकाळी नवरा होता. पण लेकीला कुणी घेतलं की जरा वेळात हाक यायची, "घे गो हिला." सासूला चुलीवरचं आठवायचं, जावेला वाळत घातलेले कपडे आठवायचे. नवऱ्याचं मन वाईट नव्हतं, पण आपल्या हातून तिची मान मोडेल अशी त्याला भीती वाटायची, आणि तोही म्हणायचा, "घे गो हिला." आजवर माझ्याशी कुणी काय काय बोललं असेल, पण सगळ्यात जास्त वेळा मी हेच ऐकलं. शेजारणी फाटकाशी येऊन इथल्या क्रेओल बोलीत "पोव ती बाबा" म्हणायच्या, बिचारं बाळ म्हणायच्या, आणि हात मात्र पाठीमागे बांधून घ्यायच्या. मला राग यायचा.

मोठ्या लोपितालात, म्हणजे इस्पितळात, जायचं तर पोर्ट लुईला बस बदलावी लागायची. लेक तेव्हा आठ-नऊ महिन्यांची असेल. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून लाकडी बाकं, बायका आणि मुलं. ती माझ्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. आणि मला तिचं रडणं ऐकू आलं.

मी खाली बघितलं. झोपलेली. पुन्हा रडणं आलं, तेच, बारीक, ओढलेलं. मला वाटलं, झालं, आता माझंच डोकं फिरलं. मग कळलं की आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून येतोय. लेकीला उचलून मी त्या आवाजाच्या मागे गेले. तिथे एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, पिवळी साडी, घामाने निथळलेली. कडेवर गोल तोंडाचं, लांब लांब डोळ्यांचं बाळ. ती त्याला हलवत म्हणत होती, "उगी गो, उगी, माझी बाय ती."

मराठीत म्हणत होती. त्या सगळ्या क्रेओलच्या गलबल्यात.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "माझी पण अशीच रडते." तिने माझ्या लेकीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग स्वतःचं बाळ तिने माझ्याकडे केलं आणि मोकळा हात पुढे केला. "दे," म्हणाली. आम्ही मुली बदलल्या. काय सांगू तुम्हाला, तेच वजन, तेच ढिलं अंग, मानसुद्धा तशीच माझ्या कोपरात येऊन घसरली. मी तिच्या मुलीला घेऊन बाकावर बसले, ती माझ्या मुलीला घेऊन बसली, आणि नर्सने आत बोलावेपर्यंत तशाच बसलो. एवढ्या वेळात ती एकदाही "घे गो हिला" म्हणाली नाही.

ती उत्तरेची, प्लेन दे पपाय गावची. नवरा उसाच्या कामावर, घर माणसांनी भरलेलं. तिचं नाव मी लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. मनात मी तिला उत्तरेची म्हणायचे, आणि पुढे तोंडावरही तेच म्हणायला लागले. ती मला पावसाची म्हणायची. प्रत्येक खेपेला माझ्या पदराला ओल असायचीच.

मुलींचं रक्त तपासायला समुद्रापार गेलं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला एकाच दिवशी बोलावून घेतलं, एकीमागून एक. डॉक्टर तरुण होते, किडकिडीत, आणि माझ्यासमोर बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत होते. ते म्हणाले, आपल्या अंगातल्या कणाकणात बारीक धाग्यांच्या जोड्या असतात, अर्धे आईचे, अर्धे बापाचे. तुमच्या मुलीच्या एका धाग्याचा शेंडा तुटलेला आहे. पोटात यायच्या वेळीच तुटला. मी विचारलं, "मांजरीवर पाणी टाकल्याने?" ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. म्हणाले, कशानेही नाही, कुणाच्याच करण्याने नाही. मग त्यांनी पुढचं सांगितलं. पुस्तकात लिहिलंय की अशी मुलं चालत नाहीत, बोलत नाहीत.

बाहेर आल्यावर आम्ही दोघी इस्पितळासमोरच्या झाडाखाली डाळ भरलेली ढोलपुरी खात बसलो. गरम होती, हात पोळत होते. मुली आपल्या नेहमीसारख्या, तिची माझ्याकडे, माझी तिच्याकडे.

"तुला काय म्हणाले?" मी विचारलं.

"चालणार नाही."

"मला पण. बोलणार?"

"नाही."

"मला पण."

त्या क्षणी मला बरं वाटलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण वाटलं बरं. लेकीच्या कपाळी जे होतं ते होतं, पण या एवढ्या बेटावर एक बाई होती जिला माझं काही सांगावं लागत नव्हतं. ती ढोलपुरीतली मिरची काढून टाकत होती आणि रडत होती, आणि मी म्हटलं, "मिरची काढलीस तरी डोळ्यांना पाणी आहेच तुझ्या." ती हसली. नाक पुसून पुरी खाल्ली.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदा इस्पितळाची तारीख असायची. घरचे म्हणायचे, एवढा त्रास कशाला, डॉक्टर देतात काय? काहीच देत नव्हते. वजन करायचे, डोकं मोजायचे, पुढची तारीख द्यायचे. मी तारखेची वाट दिवाळीसारखी बघायचे. साडी आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवायचे. सासू म्हणायची, "लोपितालात जाते का लग्नाला?"

खड्ड्याची युक्ती उत्तरेचीची. तिच्या कुणा म्हाताऱ्या मावशीने सांगितलं होतं, अंगणात खड्डा खणायचा, समुद्राच्या वाळूने भरायचा, आणि मुलाला कमरेपर्यंत त्यात उभं पुरायचं. रोज सकाळी, कोवळ्या उन्हात. पायात बळ येतं. तिने केलं. उत्तरेत ऊन भरपूर, समुद्र जवळ. मीही नवऱ्याच्या मागे लागून वाळू आणवली. अंगणात खड्डा केला तर आमच्या पावसाने त्याची विहीर केली, बेडूक येऊन बसले. मग नवऱ्याने गाईच्या गोठ्यात छपराखाली दुसरा खणला. गाय लेकीच्या डोक्याचा वास घ्यायची. पण एक सांगते, लेक त्या खड्ड्यात उभी असली की अशी हसायची, अशी हसायची, की माझे हात कामात थांबायचे. एरवी आडवं दिसणारं जग तिला उभं दिसत असेल. दोन्ही हात वाळूवर आपटायची. पायात बळ काही आलं नाही. बाहेर काढलं की पुन्हा दोन ओले फडके.

"तुझीचं काय?" मी उत्तरेचीला विचारायचे.

"तसंच," ती म्हणायची.

लेक चौथ्या वर्षात असताना केव्हातरी उत्तरेची बदलली. पहिल्यांदा म्हणाली, "आज नको गो, हिला सर्दी आहे, तुझीला लागेल," आणि मुलगी माझ्याकडे दिली नाही. माझी मात्र घेतली. पुढच्या खेपेला म्हणाली, "हल्ली परक्याकडे गेली की रडते." परक्याकडे! मी तिच्या मुलीची लाळ माझ्या पदराने पुसलेली. त्यानंतर ती मुलीचे पाय शालीत गुंडाळून आणायला लागली. भर डिसेंबरात, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, रस्त्यावरचं डांबर वितळत होतं, आणि ही मुलीला कडेवर घेऊन वर शाल गुंडाळून. मुलगी वळवळायची, ती तिला करकचून धरायची. मी विचारलं, "पायाला काही झालंय का?" म्हणाली, "वारा बाधतो." मग तिने वळून माझ्या लेकीसाठी आणलेली लिची सोलायला घेतली, बी काढून, बारीक तुकडे करून, एकेक तुकडा तिच्या ओठांवर ठेवत. मला वाटलं, हिला माझा कंटाळा आलाय, पण माझ्या मुलीचा नाही. हे काय गौडबंगाल आहे ते मला उमजेना. घरी येऊन मी दोन दिवस नवऱ्याशी बोलले नाही. त्याचा काय दोष होता? समोर तोच होता.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. गणपती घरोघर बसतो, आणि त्याच्या दर्शनाला बोलावणं लागत नाही. ओळखीचा असो नसो, फाटक उघडं असतं, आरती चालू असेल तर आत जाऊन टाळ उचलायचा, प्रसाद घ्यायचा. बाकी वर्षभर कुणाकडे कळवल्याशिवाय गेलं तर तोंडं वाकडी होतात, पण त्या दिवसांत नाही. आमचा गणपती दीड दिवसाचा. उत्तरेचीकडे पाच दिवसांचा, तिनेच एकदा बाकावर बसून सांगितलेलं. तर आमचं विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी लेकीला कडेवर घेतलं, नवऱ्याला सांगितलं आणि निघाले. लेक चार वर्षांची झाली होती. पोर्ट लुईला बस बदलून उत्तरेची बस धरली. खिडकीतून ऊसच ऊस, ढगाचा पत्ता नाही, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. माझं काही चुकलं का विचारायचं. नाहीतर सरळ भांडायचं. भांडायला मला आवडलं असतं.

घर विचारायची गरज पडली नाही, आरती रस्त्यावर ऐकू येत होती. फाटक उघडं. अंगणात दहा-बारा माणसं, पुढे ओसरीवर गणपती. आणि माणसांच्या मध्ये एक गोल तोंडाची मुलगी पाय फाकवून उभी होती, हातात छोटी झांज. ती झांज वाजवत होती, ताल सोडून, आणि चालत होती. एका म्हाताऱ्याकडून दुसऱ्या बाईकडे, तिथून परत, बदकासारखी डुलत, पण आपल्या पायांनी. "बाप्पा," म्हणत होती. "बाप्पा, बाप्पा."

मी तिथेच उभी राहिले. माझी लेक माझ्या खांद्यावर डोकं टाकून झांजेकडे बघत होती.

तेवढ्यात उत्तरेची मोदकांच्या पिठाचे हात घेऊन आतून बाहेर आली आणि तिने मला बघितलं. आणि मग तिने काय करावं? धावत गेली आणि मुलीला उचलून कडेवर घेतलं. चालती मुलगी. गच्च धरली. फ्रॉकवर पिठाची दहाही बोटं उमटली. मुलीच्या हातून झांज खाली पडली, ती पाय झाडायला लागली, "खाली! खाली!" म्हणून ओरडायला लागली. ओरडणं आता मांजराचं राहिलं नव्हतं, कुठल्याही मुलीचं होतं. तिची सासू म्हणाली, "अगो, नाचतेय तर नाचू दे की, उचललीस कशाला?" सगळे हसले. त्यांना काय ठाऊक?

मला मात्र सगळं लख्ख कळलं. ती शाल. ती सर्दी. ती 'तसंच'. वर्षभर ही बाई एका चालत्या मुलीला कडेवर घेऊन इस्पितळात येत होती, बसमध्ये चढत होती, व्हरांड्यात तास न् तास उभी राहत होती, माझ्यासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "खाली ठेव तिला. कंबर मोडून घेशील."

तिने ठेवली. मुलगी झांज उचलायला गेली.

आरती झाल्यावर स्वयंपाकघराच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो. तिने मोदक पुढे केला, तो तसाच माझ्या हातात राहिला.

"तुला वाईट वाटेल म्हणून," ती म्हणाली.

"वाटलंच."

"म्हणूनच तर गो."

"चालते याचं नाही वाटलं," मी म्हटलं. मग खोटं कशाला बोलू, म्हणून पुढे म्हटलं, "त्याचंही वाटलं. पोटात कळ आली. पण ते माझं मी बघितलं असतं. तू लपवलंस त्याचं काय करू?"

उत्तराची वाट न बघताच मी म्हटलं, "पुढच्या तारखेला चालवत आण. माझ्यासमोर चालव." ती म्हणाली, "आणते." माझ्या लेकीला तिने मांडीवर घेतलं होतं आणि मोदकातलं सारण बोटाने भरवत होती. बस यायच्या वेळेपर्यंत तिच्याकडेच होती लेक.

पुढच्या तारखेला मी लवकर जाऊन बाक धरला, शेजारी पिशवी ठेवून जागा राखली. ती आली नाही. नर्सला विचारलं तर म्हणाली, त्यांनी तारखेचा दिवस बदलून घेतलाय, आता दुसऱ्या आठवड्यात येतात. पिशवी मी शेवटपर्यंत उचलली नाही. एक बाई येऊन म्हणाली, "कुणी बसलंय का इथे?" मी म्हटलं, "हो."

त्या दिवशी मी डॉक्टरांवर चिडले. म्हटलं, दोघींचा एकच धागा तुटला म्हणालात ना? एकच पुस्तक वाचून दाखवलंत ना? मग तिची चालते कशी? त्यांनी टोपणाशी चाळा केला नाही, पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, तुटलंय तिथेच, पण कुठे किती तुटलं ते नेमकं आमच्या यंत्रांना दिसत नाही. आणि अगदी तेवढंच तुटलेली दोन मुलंही दोन तऱ्हेने वाढतात. का, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही." मी विचारलं, "खड्ड्याने?" म्हणाले, "वाटत नाही." मी विचारलं, "माझ्याकडून काही राहिलं?" ते म्हणाले, "नाही." इतक्या वर्षांत एवढं स्वच्छ 'नाही' मला कुणी दिलं नव्हतं, आणि ते घेऊन सांगायला जावं अशी बाई दुसऱ्या आठवड्यात येणार होती. मलाही दिवस बदलून मागता आला असता. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी गेले तर ती पुन्हा मुलीला उचलणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते पुन्हा बघायची माझ्यात ताकद नव्हती. गणपतीलाही मी परत गेले नाही, त्याच कारणाने.

मग वर्षं गेली. त्यांचं सांगण्यासारखं फार नाही. लेक बसायला शिकली, बुडावर सरकायला शिकली, पेला धरायला शिकली, त्याला पाच वर्षं लागली. नवऱ्याच्या सायकलची घंटी ओळखायला शिकली. ती वाजली की हसायची, आणि नवरा मुद्दाम कोपऱ्यापासून वाजवत यायचा. एवढं मात्र त्याने शेवटपर्यंत केलं. बोलली नाही. ती गप्प आणि माझं तोंड चालूच, दिवसभर मी तिच्याशी बोलायचे. भात शिजला का बघू या, पाऊस आला बघ, तुझी आजी पुन्हा चिडली बघ. कधीतरी भिंतीवर माझाच आवाज आपटून परत आल्यासारखा वाटायचा आणि मी मध्येच गप्प व्हायचे. मळ्यातल्या बायका रस्त्याने जाताना हात करायच्या. हळूहळू त्यातल्या नवीन बायका मला ओळखेनाशा झाल्या.

उत्तरेचीच्या मुलीची खबर लग्नाकार्यांत कानावर यायची. मराठीच्या बैठकेला, म्हणजे संध्याकाळच्या शाळेला, जाते म्हणे. अक्षर येत नाही, पण गाणी म्हणते. एकदा ऐकलं, दुकानातून एकटी मीठ आणते. मी घरी येऊन लेकीला ते सांगितलं. "तुझी मैत्रीण मीठ आणते हो," म्हटलं. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. मत्सर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण त्याहून जास्त मला त्या बाईची आठवण आली. तिच्या मुलीचं बरं झालं ते मला सोसवत होतं. ती बाई दूर गेली ते सोसवत नव्हतं.

गणपती आमच्याही घरी बसायचा, आणि आमच्याकडेही बोलावणं लागत नव्हतं. दरवर्षी त्या दिवसांत मी फाटकाची कडी लावायचे नाही. सासू लावायची, कुत्री येतात म्हणून, मी जाऊन काढायचे.

लेक बाराची झाली त्या वर्षी विसर्जनाला सगळे नदीवर गेले, आणि आम्ही दोघी मागे राहिलो, नेहमीसारख्या. बाराची, पण अंगाने सहा-सात वर्षांच्या मुलीएवढीच. अजून माझ्या कडेवरच असायची. माझी कंबर एका बाजूने वर झाली होती, पोलकं शिवताना शिंपीण दरवेळी म्हणायची, सरळ उभ्या राहा. बारीक पाऊस होता. मखर रिकामं, समोर फुलं विस्कटलेली. फाटक वाजलं.

ती उत्तरेची होती. केस पुढून पांढरे, अंगाने सुटलेली, छत्री वाऱ्याने उलटी झालेली. आणि तिच्या बाजूला दोन वेण्या घातलेली, जवळजवळ तिच्या खांद्याला लागलेली एक गोल तोंडाची मुलगी, लांब लांब डोळ्यांची, हातात नारळ. पाय अजून तसेच फाकवून टाकत होती. फाटकातून पायरीपर्यंत ती चालत आली आणि मी उत्तरेचीकडे बघत राहिले, आता उचलते की काय म्हणून.

तिला ते कळलं. म्हणाली, "आता कडेवर मावत नाही गो. काय करू?"

मी म्हटलं, "विसर्जन झालं. उशीर केलास."

"झालाच," ती म्हणाली.

मुलीने नारळ रिकाम्या मखरात ठेवला आणि "बाप्पा गेला?" असं मला विचारलं. मी "गेला" म्हटलं. ती ओली वेणी पिळत माझ्या लेकीकडे बघायला लागली. लेक तिच्याकडे बघत होती. मला खूप बोलायचं होतं, सात-आठ वर्षांचं साठलेलं, त्यात चांगल्या शिव्याही होत्या. पण त्याआधीच उत्तरेचीने छत्री भिंतीला टेकवली, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे," म्हणाली.

मी लेक दिली. तिने ती कडेवर बसवली, एकदा वर उडवून नीट केली, मानेमागे हात नेला. लेकीने तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. मी रिकाम्या हातांनी उभी राहिले. काय करायचं त्या हातांचं, ते मला सुचेना. मग म्हटलं, चहा टाकते, आणि आत गेले. चहा उकळला. मी तो उतरवला नाही. आणखी पाणी घातलं, पुन्हा उकळू दिला, मग पुन्हा पाणी घातलं, कान बाहेर लावून. ओसरीवरून त्या तिघींचा आवाज येत होता. "घे गो हिला" अशी हाक आली नाही.